रानातला मुक्काम आणि छोटी गाडी : बेळगाव-खानापूरकडच्या मंडळींचे अनुभव

टिळकवाडी, बेळगाव (धागा सुरू करताना)

बेळगावातून जांबोटीच्या वाटेला लागलं की थोड्याच वेळात उघडा माळ मागे पडतो आणि दोन्ही बाजूंनी झाडी जवळ येते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे गाडीतच राहण्याची सोय करून घेणारे बरेच झालेत. कुणी मारुती ईकोची मागची बाकं काढून फळी टाकलीय, कुणी जुनी ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन उद्यमबागेतल्या वर्कशॉपात आतून करून घेतलीय. पण वीज नाही, नळ नाही, अशा रानाच्या कडेला रात्र कशी काढायची हे विचारायला गेलं तर उत्तरं मिळतात ती रिसॉर्टवाल्यांची. म्हणून हा धागा. जे स्वतः राहिलेत त्यांनी लिहा. अमेरिकेत, युरोपात, हिमालयात उंचावरच्या जंगलात राहिलेल्यांनी तर नक्की लिहा, कारण तिकडे असे साधे तळ पूर्वापार चालतात आणि ते कसे चालतात हे आपल्याला समजून घ्यायचंय. एकच विनंती, गावकऱ्यांना गर्दी नको असेल तर जागेचं नाव देऊ नका.

सुरुवात मीच करतो. आमची ईको साधी आहे. उघडमीट करता येणारा प्लायवूडचा पलंग, खाली पाण्याचे कॅन, एक शेगडी. पावसाळ्यात कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ बघून होईपर्यंत धुकं इतकं उतरलं की चोर्ल्याच्या घाटात गाडी घालायची इच्छा राहिली नाही. थोडं मागे येऊन एका घरातल्या आजोबांना विचारलं, "मामा, रातच्याला गाडी लावू काय हितं?" म्हणाले, "लावा की. पण त्या ओढ्याकडच्या सपाटीवर नको. वर पाऊस झाला की हितं पाणी येतंय." ओढा त्या वेळी घोट्याएवढाही नव्हता. गाडी त्यांच्या खळ्यात लावली. मध्यरात्री ओढ्याचा आवाज बदलला आणि सकाळी दार सरकवलं तर ती सपाटी दिसतच नव्हती. तांबूस पाणी कुंपणाच्या दगडांना घासून चाललं होतं, त्यात एक आख्खी फांदी, पानांसकट. नकाशात बघाल तर तीच जागा सगळ्यात सोयीची वाटेल. तेव्हापासून कुठेही गेलो तरी आधी गावातल्या जुन्या माणसाला विचारतो की पाणी कुठून येतं आणि जनावरं कुठून जातात, आणि मगच इंजिन बंद करतो.

पावसात आणखी एक. गाडी झाडाखाली लावू नका. पाऊस थांबला तरी जांभळीखाली पुढचे दोन तास पत्र्यावर टपटप चालूच राहते आणि झोप लागत नाही. वाळकी फांदी पडायची भीती वेगळीच.

खानापूर (शिक्षिका)

पुरुषमंडळी जो विषय टाळतात त्याच्यावरच लिहिते. शौचालय.

आम्ही घरातले सगळे जातो, सासूबाई आणि मुली धरून. बायकांनी जंगलात राहायला नको म्हणण्याचं खरं कारण जनावरांची भीती हे नसतं, सकाळची अडचण हे असतं. दिवसभर पाणीच प्यायचं नाही आणि मग डोकं धरून बसायचं, असं मी माझ्या मैत्रिणींचं कितीदा पाहिलंय. आम्ही यावर साधी व्यवस्था बसवली. घट्ट झाकणाची प्लास्टिकची बादली, तिच्यावर बसायचं कडं, आणि एका पोत्यात भाताचं तूस. आपल्या खानापुरात राईस मिलच्या मागे तुसाचे डोंगर पडलेले असतात, कुणीही पोतंभर देतो. प्रत्येक वेळी दोन ओंजळी तूस टाकलं की वास येत नाही, माशी बसत नाही. लघवी मात्र वेगळी ठेवायची, दोन्ही एकत्र झालं की तुसाचा उपयोग संपतो. आडोशाला उभा राहणारा छोटा तंबू मिळतो, तो गाडीच्या मागच्या दाराला लावतो. बादली घरी आणून परसातल्या खड्ड्यात रिकामी करतो. ज्यांना आणणं जमत नाही त्यांनी ओढ्यापासून निदान साठ-सत्तर पावलं लांब, हातभर खोल खड्डा काढून पुरावं. आणि पॅड कधीही पुरू नयेत, कुत्री-कोल्ही उकरतात. कागदात गुंडाळून डब्यात घालून परत न्यायचे.

पारवाडच्या बाजूला एकदा ज्यांच्या अंगणात थांबलो त्या काकूंनी पहाटे येऊन काचेवर टकटक केली. "अगं पोरींनो, उठा, पाणी तापलंय." चुलीवरचा तांब्याचा हंडा, धुरकट पाणी, आणि मागच्या बाजूला चार दगडांची न्हाणी. सासूबाईंनी आंघोळ झाल्यावर त्यांच्या तुळशीला पाणी घातलं आणि मग दोघी जणी तासभर बोलत बसल्या. निघताना पैसे दिले तर घेईनात. मुलींच्या जुन्या वह्यांतले कोरे कागद शिवून त्यांच्या नातवाला दिले, ते घेतले.

निपाणी

जळवांबद्दल कुणी विचारण्याआधी सांगतो. आमच्याकडे तंबाखूची काय कमी नाही. तंबाखूची पूड रात्रभर पाण्यात भिजवायची, त्यात थोडा चुना, आणि त्या पाण्यात मोजे बुडवून वाळवायचे. पँट मोज्यात खोचायची. जळू चढते पण टिकत नाही. चढलीच तर ओढून काढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने सरकवा. गाडीत शिरायच्या आधी पायरीवर बसून पाय बघायचे, बॅटरीच्या उजेडात. आणि बाहेर वाळत टाकलेला कपडा आत घेताना झटकून घ्या. पावसाळ्यात चापडा साप झुडपावर, दोरीवर बसलेला असतो आणि हिरव्या-तपकिरी रंगात दिसत नाही.

शहापूर, बेळगाव (गृहिणी)

माझी मुलगी कोलोरॅडोत असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा जावयांनी छोटी आरव्ही, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी, भाड्याने घेतली आणि आम्ही रॉकी पर्वतात एका नॅशनल फॉरेस्टच्या, म्हणजे सरकारी जंगलाच्या, तळावर राहायला गेलो. धागाकर्त्यांना तिकडे कसं चालतं हे हवंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डेन्व्हर शहरच मुळी समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, आणि आम्ही चढत चढत साडेनऊ हजार फुटांच्या आसपास गेलो. आपलं बेळगाव अडीच हजार फूट. गाडीतून उतरून सामान काढायला लागले आणि दम लागला. मुलीने बसवलं, पाणी प्यायला लावलं, म्हणाली आज काहीही करायचं नाही. दुसऱ्या दिवशी अंगाला सवय झाली.

तळ म्हणजे स्प्रूस आणि फरच्या उंच झाडांत मातीची वळणदार वाट, आणि वाटेच्या कडेला एकेका गाडीपुरत्या जागा. प्रत्येक जागेवर एक जाड लाकडी टेबल-बाक, जाळासाठी लोखंडी कडं, आणि एक पोलादी पेटी. वीज नाही. मोबाइल लागत नाही. पाणी एका हातपंपावर. शौचालय सिमेंटच्या खोलीत, खाली खोल टाकी, पाण्याचा वापरच नाही, पण वर धुराड्यासारखा उंच पाइप असल्याने वास वर निघून जातो. आत गेले तर कागद होता, फरशी झाडलेली होती. मला हे बघून खरंच वाईट वाटलं आपल्याकडचं. एवढं साधं, यंत्र नाही, पाणी नाही, आणि चालतंय.

पैसे घ्यायला माणूस नाही. फाटकाशी एक फलक, त्यावर पाकिटं. पाकिटात पैसे घालायचे, वर गाडीचा नंबर आणि जागेचा नंबर लिहायचा, चिकटवायचं आणि जाड लोखंडी नळीत टाकायचं. पाकिटाचा फाडलेला तुकडा आपल्या जागेच्या खुंटाला लावायचा. झालं. एक वयस्कर जोडपं उन्हाळाभर तिथेच स्वतःच्या गाडीत राहून देखरेख करत होतं. सरपण त्यांच्याकडूनच घ्यायचं, लांबून आणायचं नाही. जावयांनी कारण सांगितलं की सरपणाबरोबर झाडं पोखरणारे किडे एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जातात. त्या डोंगरांवर पाइनचे पट्टेच्या पट्टे वाळलेले दिसत होते, ते असल्याच किड्यांनी. ते बघितल्यावर मला नियमाचं महत्त्व पटलं.

पोलादी पेटी अस्वलांसाठी, म्हणजे अस्वलांपासून अन्न वाचवायला. तिचा खटका हात आत घालून दाबावा लागतो, पंजा तिथे शिरत नाही. खायचं तर सगळं त्यात ठेवायचंच, शिवाय टूथपेस्ट, साबण, डोक्याचं तेलसुद्धा. मी लसणाची चटणी आणि मेतकूट नेलं होतं. जावई म्हणाले, आई, ह्या चटणीचा वास तर पाच मैलांवर जाईल. दोन डब्यांत एकात एक घालून ठेवली.

स्वयंपाकाचं बघा. त्या उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं. उघड्या भांड्यात भात फसफसतो पण शिजत नाही, तूरडाळ तर तासाभरानेही दाण्यासारखी. मी हट्टाने छोटा कुकर घेऊन गेले होते, त्याच्यावर सगळं निभावलं. एक-दोन शिट्ट्या जास्त लागल्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, म्हणून डाळभात संध्याकाळी उजेड असतानाच करून ठेवायची.

गाडीत गॅसवर चालणारा हीटर होता. जुलै होता, तरी पहाटे बाहेरच्या बादलीवर बर्फाचा पातळ पापुद्रा. हीटर गॅसचा असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर फिरतो, आणि रात्रभर लावला तर बॅटरी बसते. म्हणून झोपायच्या आधी आणि उठताना थोडा वेळ, मधे रजया. गाडीतलं शौचालय आम्ही वापरलं नाही कारण ती टाकी रिकामी करायची सोय तळावर नसते, खाली गावात जावं लागतं. दुपारी दोन वाजले की ढग यायचे, विजा कडाडायच्या, तासाभरात परत ऊन. फिरायचं ते सकाळीच.

शेवटी एक सांगते, आरव्ही छोटी होती म्हणून ती जागा मिळाली. मोठ्या बसएवढ्या गाड्या येऊन वाटेवरूनच परत जात होत्या, वळणावर त्यांना फिरायलाच येत नव्हतं.

उद्यमबाग, बेळगाव (वर्कशॉप)

अक्कांनी बॅटरीचं सांगितलं ते बरं झालं. आमच्याकडे गाड्या करून घ्यायला येणारे आधी टीव्ही आणि मिनी फ्रिजचं विचारतात. मी त्यांना वही काढून हिशोब दाखवतो. १०० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी म्हणजे कागदावर १२०० वॅट-अवर. पण ती अर्ध्याखाली उतरवली की तिचं आयुष्य जातं, म्हणजे हातात ६०० वॅट-अवर. अर्धा युनिट आणि थोडं वर. त्यात एलईडी दिवे, पंखा, मोबाइल आरामात. फ्रिज लावला की पहाटेपर्यंत खेळ खलास. लिथियम फॉस्फेटची महाग पडते पण ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते आणि वजन निम्म्याहून कमी. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी-चोर्ल्याला सोलरवर भरवसा ठेवू नका, ढगात पॅनेल नावापुरतं चालतं. गाडी चालताना अल्टरनेटरवरून चार्ज होईल अशी जोडणी करून घ्या, मधे डीसी-टू-डीसी चार्जर आणि बॅटरीजवळच फ्यूज. फ्यूज नसलेली वायरिंग घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि मी आधी ती सगळी उपटतो, मग पुढचं बोलतो.

पाणी जड असतंय हे विसरू नका. साठ लिटर म्हणजे साठ किलो. टाकी खाली, दोन चाकांच्या मधे. टपावर पाण्याची टाकी लावून घाटात जायचं नाही, गाडी वळणावर झुलते.

कागदपत्रांचं. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करू देत नाही. बॉडी कापून टप वाढवायचा असेल तर आधी आरटीओ, मग गॅस कटर. आम्ही शक्यतो नटबोल्ट सोडले की बाहेर निघेल अशीच पेटी करतो. पेटीत पलंग, ओटा, पाण्याचा कॅन सगळं. सोमवारी पेटी काढली की गाडी परत कामाला.

आणि खिडकी. सगळे थंडीची, चोराची भीती घालून खिडक्या बंद करून घेतात. दोन माणसांच्या श्वासाचं आणि अंगाचं मिळून रात्रभरात साधारण अर्धा लिटर पाणी हवेत जातं. ते पत्र्याला लागून थेंब होऊन गादीवर पडतं आणि महिन्याभरात प्लायवूडला बुरशी. खाली एक आणि वर एक, असा वारा जायला रस्ता पाहिजेच. जाळी मारून घ्या.

बेळगाव (निवृत्त फौजी)

वरच्या भावाने खिडकीचं सांगितलं. मी त्याला जोडून जीवनमरणाचं सांगतो. बंद गाडीत किंवा तंबूत कोळशाची शेगडी, अंगीठी, काहीही जळतं ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं झोप आली. फौजेत उंचावरच्या चौक्यांवर आम्हाला हे पहिल्या दिवशी शिकवायचे आणि झोपताना बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, विझली का हे एक माणूस तपासायचा. निवृत्तीनंतर मी आणि घरवाली कुल्लूकडे देवदारच्या जंगलात व्हॅन घेऊन राहतो. तिथे प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी घालून मोज्यात सरकवतो आणि पायाशी घेतो. पहाटेपर्यंत ऊब राहते. लोकरीची टोपी घालून झोपायचं, आणि खिडकी दोन बोटं उघडी.

म्यूनिक, मूळ अनगोळ

थंडीतल्या गॅसबद्दल भर घालतो. घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाजवळ वायू व्हायचाच थांबतो, सिलिंडर जड लागतो पण शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतं, म्हणून इथे आल्प्सकडे जाताना प्रोपेनच घेतात. कुल्लूला हिवाळ्यात जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा.

ऑस्ट्रियात टिरोलमध्ये ठरलेल्या तळाबाहेर मुक्कामाला कायद्याने मनाई आहे, पण शेतकऱ्यांचे छोटे तळ सापडतात. उतार इतका की प्रत्येक जण चाकाखाली घालायच्या पाचरी घेऊनच येतो. गाडी सपाट नसेल तर गॅसवर चालणारा फ्रिज नीट काम करत नाही, झोपही धड लागत नाही, डोकं खाली जातं. खानापूरला सुट्टीत आलो की मी सागवानाच्या पाचरी करून घेतो.

जांबोटी भाग

मी तुमच्यासारखा फिरणारा नाही. आमच्या अंगणात लोक गाड्या लावतात, त्या बाजूनं लिहितो. गावाचं नाव लिहीत नाही.

पहिल्यांदा गाड्या यायला लागल्या त्या धबधब्यांना. पावसात शनिवार-रविवार नुसती रांग. बाटल्या फोडून टाकायचे शेताच्या बांधावर. पुढं आम्ही चिखल करून रोप लावायला उतरलो की काच पायात. माझ्या बहिणीला टाके पडलेत. गाण्यांचे मोठे डबे लावायचे आणि म्हशी दावं तोडून पळायच्या. त्यामुळं गावानं गाडीवाल्यांना नकोच म्हटलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

मग एक जोडपं आलं, व्हॅन घेऊन. आधी घरात आले, पाणी मागितलं, बसले. रात्री गाडीत झोपले, आवाज नाही. सकाळी स्वतःचा कचरा घेतला आणि आधीच्या लोकांनी टाकलेला पण पोत्यात भरून नेला. त्यांनीच दुसऱ्यांना सांगितलं आणि तसली माणसं यायला लागली. आता आम्ही तीन घरं मिळून गाड्या लावून घेतो. एका वेळी दोनच. त्याच्यावर आम्हाला झेपत नाही आणि विहिरीला पण झेपत नाही. मार्चनंतर विहीर खाली जाते, तेव्हा पाणी घेऊनच या. जेवण माझी बायको करते. तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, पावसात अळंबी मिळाली तर अळंबी. तांदूळ घरचा. पनीर मागू नका.

जनावरांचं. गवा रस्त्यावर उभा असला तर हॉर्न मारायचा नाही. दिवा खाली करायचा आणि थांबायचं, तो जातोय आपणहून. गव्यापेक्षा आम्ही अस्वलाला भितो. मे महिन्यात फणस पिकले की घराजवळ येतंय, आणि वारुळं उकरायला बारा महिने फिरतंय. त्याला नजर कमी, माणूस एकदम जवळ आला की दचकून अंगावर येतंय. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला झाडीत जाताना बोलत जायचं, काठी आपटत जायचं. कानात गाणी घालून पळायला जातात शहरातली मुलं, त्यांना मी फाटकातनंच परत आणतो. गाडीच्या बाहेर पिकलेला फणस, केळी, काजूची बोंडं काय ठेवू नका.

आग. फेब्रुवारी ते पहिला पाऊस पडेपर्यंत आमच्याकडं कुणीही जाळ करायचा नाही. खाली पानं गुडघाभर, ठिणगी पडली की डोंगर जातोय. फॉरेस्टचा गार्ड येतो, तो पण एवढंच म्हणतो, "बेंकी हच्चब्याड्री." म्हणजे कन्नडमध्ये, आग लावू नका. त्याचं ऐका. शेकोटी पाहिजेच असेल तर माझ्या चुलीपुढं येऊन बसा.

आणि भीमगडच्या अभयारण्यात परवानगीशिवाय रात्र काढायला बंदी आहे. २०११ पासून ते अभयारण्य आहे. गुगलवर वाट दिसली म्हणून गाडी आत घालू नका. त्या बारापेडी गुहेतली वटवाघळं जगात फार थोड्या ठिकाणी आहेत म्हणतात, त्यांना उजेड-आवाज नको. आत बघायचं असेल तर खात्याकडून रीतसर जा, मुक्कामाला बाहेर या.

टिळकवाडी (धागाकर्ता)

दादा, तुमचं लिहिणं मी छापून गाडीत लावणार आहे. एक विचारतो, कोणत्या दिवसांत आलेलं तुम्हाला सोयीचं? आणि गोचिडांचं काय? आमच्या घरी त्याची फार भीती आहे.

खानापूर (आरोग्य खात्यात नोकरी केलेली)

गोचिडांचं मी सांगते, कारण हे हलक्यात घ्यायचं नाही. माकडताप म्हणतात तो विषाणूचा ताप गोचिडीतून येतो. १९५७ साली शिमोग्याकडे क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव त्या जंगलावरून. पण तो तिथेच राहिला नाही. २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये दोडामार्गला रुग्ण सापडले, म्हणजे आपल्या घाटाच्या अगदी पलीकडे. काजूच्या बागांत कामाला जाणारी आपली माणसं त्याच वाटेवरची.

काळ डिसेंबर ते मे. पावसात गोचिडांची पिल्लं नसतात, मग जळवा असतात. कोरड्या दिवसांत पाचोळ्यावर बसू नका, चटई-सतरंजीसुद्धा पानांवर टाकू नका, फोल्डिंग खुर्ची वापरा. सरपण गोळा करताना पूर्ण बाह्या. आरोग्य केंद्रात गोचिडांना लांब ठेवणारं डेपा तेल मिळतं, ते हातापायाला लावून जा. संध्याकाळी गरम पाण्याने आंघोळ आणि सगळे कपडे गरम पाण्यात. पिल्लं मोहरीएवढी सुद्धा नसतात, डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून काखेत, कमरेला, गुडघ्यामागे हात फिरवून बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्य केंद्राला किंवा फॉरेस्टवाल्यांना कळवा. जंगलातून आल्यावर आठवड्याभरात एकदम कडक ताप, डोकं आणि अंग फुटल्यासारखं दुखलं, तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आधी सांगा. त्यावर खास औषध नाही, पण वेळेवर दाखल झालं की माणूस सांभाळता येतो. ऍस्पिरिन मनाने घेऊ नका.

हिंडलगा

आम्ही दोघं तिलारीनगरच्या बाजूला जातो, म्हणजे चंदगड तालुक्यातून. राज्याची हद्द ओलांडली की वन खातं बदलतं, त्यामुळे खानापूरला मिळालेली परवानगी तिथे चालत नाही, वेगळं विचारावं लागतं. डिझेल बेळगावातच भरून निघा. काजव्यांसाठी जाणार असाल तर मे अखेर ते पहिला जोराचा पाऊस, एवढेच दिवस. गाडीचे सगळे दिवे, अगदी दाराचा आतला दिवासुद्धा बंद ठेवा. आम्ही त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावतो. दार उघडलं की उजेड पडतो आणि समोरच्या झाडावरचे काजवे विझतात, परत लागायला बराच वेळ जातो.

जांबोटी भाग

बाईंनी गोचिडाचं सांगितलं ते सगळं खरं, आमच्याकडं ताप आलेली माणसं मी बघितलीत. अंगण आम्ही शेणानं सारवून, पाला झाडून ठेवतो, गाडी तिथंच लावा, झाडीत नको.

कधी यायचं म्हणाल तर रोपाच्या दिवसात, जून-जुलैत नको, घरात बोलायला माणूस नसतो. गणपतीत या, पण त्या वेळी घर पाव्हण्यांनी भरलेलं, जेवण आमच्याबरोबर पंगतीत. दसऱ्यानंतर भात कापणी, मळणी, तेव्हा खळ्यात भाताच्या उडव्या, गाडीला जागा नाही. शाळेच्या मागची मोकळी जागा आहे, मास्तरांना विचारून तिथं लावता येते, पण शाळा भरायच्या आत, नऊच्या आधी हलवायची. सगळ्यात बरं म्हणजे मळणी उरकल्यावर, थंडीत. हवा कोरडी, रस्ता चांगला, विहिरीला पाणी. यायच्या आधी फोन लावा, पण आमच्याकडं रेंज फक्त देवळाच्या चौथऱ्यावर येते, म्हणून संध्याकाळी सातच्या सुमाराला लावा, त्या वेळी मी दिवा लावायला तिथं असतो.